दोघी बहिणींचा किताब

एनिड शॉटनने एकतीस वर्षं बर्कशॉच्या शाळेत पोरांच्या ताटात बटाटे वाढले. लॉर्ड लोकांच्या वंशावळींची जी जाडजूड पुस्तकं निघतात, त्यात तिला कधी जागा मिळालीच तर ती एका ओळीची असेल. जन्म अमुक साली, मृत्यू तमुक साली, अविवाहित. मला ते खपत नाही, म्हणून मी लिहितेय. बाकी लॉर्ड या जातीबद्दल मला काय वाटतं ते बर्कशॉत सगळ्यांना ठाऊक आहे, ते इथे उगाळत नाही.

तिचा बाप आयझॅक चाळीस वर्षं आमच्या खाणीत होता. त्याच्या आजीने त्याला लहानपणी सांगितलेलं की आपण वॉर्कलॉचे, आपल्या रक्तात लॉर्ड आहे. माणसाने हे एखाद्याच्या कानात सांगावं. आयझॅकने ते खाली सातशे फुटांवर, जेवणाच्या सुट्टीत, अठरा जणांना सांगितलं. संपलं! तेव्हापासून मरेपर्यंत तो 'लॉर्डसाहेब'.

"हुजूर, आपलं फावडं."

"लॉर्डसाहेब, आज कोळसा उचलणार की नुसता आशीर्वाद देणार?"

आयझॅक चिडायचा नाही. "आज कोळसा, आशीर्वाद रविवारी," म्हणायचा. पण घरी आल्यावर टबात बसून तो पोरींना आपली वंशावळ घोकून घ्यायचा. राजाने कुणा रॉजर वॉर्कलॉला पत्र धाडून दरबारात बोलावलं, तिथून किताब सुरू झाला. रॉजरचा मुलगा, त्याचा मुलगा, मग मुलगा नव्हता म्हणून एकुलती एक मुलगी, तिचा मुलगा... असं साडेचारशे वर्षं. शेवटच्या लॉर्डला मुलगा नव्हता, दोन मुली होत्या. थोरली जमीनदाराकडे गेली. धाकटी हेस्टर कोळशाच्या गाड्यांच्या घोड्यांना नाल मारणाऱ्या लोहाराबरोबर पळाली, तिचे वंशज आपण, म्हणायचा. एनिड पाठ पुसायची, ऑड्री पाठ म्हणायची. ऑड्री चार वर्षांनी धाकटी, पण रॉजरपासून हेस्टरपर्यंत एका दमात म्हणून दाखवायची आणि शेवटी बापाला पाणी उडवायची.

त्या दोघी एकाच पलंगावर वाढल्या. ऑड्री भिंतीकडे, एनिड कडेला. ऑड्रीचे पाय बर्फासारखे असायचे आणि ते ती एनिडच्या पोटऱ्यांना लावायची. एनिड किंचाळायची, खालून आई ओरडायची. मी शेजारच्या घरात राहायचे, भिंत एकच, सगळं ऐकू यायचं. मला बहीण नव्हती. मी भिंतीला कान लावून पडून राहायचे.

मग आयझॅक गेला, आई गेली. ऑड्रीने कॉलिन नावाच्या खाणकामगाराशी लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे बिऱ्हाड केलं. आणि मग खाणकामगारांचा चौऱ्याऐंशीचा संप आला.

ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. एवढंच सांगते, वर्षभर गावात पगार आला नाही. कामगार भवनाच्या स्वयंपाकघरात आम्ही बायका रोज तीनशे ताटं काढायचो. एनिड मुख्य, मी बटाटे सोलायला, ऑड्री धुवायला. अकराव्या महिन्यात, फेब्रुवारीत, कॉलिन पोलिसांच्या जाळीच्या बसमध्ये बसून कामावर गेला.

आमच्याकडे संप फोडणाऱ्याशी कोणी बोलत नाही. अजूनही नाही. परवा एक असा म्हातारा वारला तर त्याच्या पेटीला खांदा द्यायला पुतणे बाहेरगावाहून आणावे लागले. हा नियम कुठे लिहिलेला नाही म्हणून तो कोणाला मोडता येत नाही. आणि नियम नवऱ्यापाशी थांबत नाही, बायकोलाही लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑड्री भवनावर आली. कोट काढून बाह्या वर करून मोरीपाशी उभी राहिली. बोलणं थांबलं. एनिडने तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि माझ्याकडे दिलं. म्हणाली, "थेल्मा, तू धू." ऑड्रीकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या आठवड्यात ऑड्री तीनदा एनिडच्या दारात आली. तिसऱ्यांदा एनिड दूध घ्यायला बाहेर आलेली होती. ऑड्री म्हणाली, "एनी, मी नाही गेले गं कामावर. तो गेला." एनिडने बाटली उचलली आणि दार लावून घेतलं.

रविवारी ऑड्री आणि कॉलिन गाव सोडून गेले. बस चाळीस मिनिटं उशिरा आली. थांबा एनिडच्या खिडकीसमोर. चाळीस मिनिटं ऑड्री हिरव्या कोटात, सुटकेसवर बसून, त्या खिडकीकडे बघत होती आणि पडद्यामागे एनिड उभी होती. मला कसं माहीत? मी तिच्या शेजारी उभी होते. मीच म्हणाले होते, "जाऊ नकोस. गेलीस तर उद्या इथल्या बायका तुझ्या हातचं खाणार नाहीत."

मे महिन्यात ऑड्रीचं एक पत्र आलं. एनिडने ते उघडलं नाही. पाकिटावर 'या पत्त्यावर राहत नाही' असं लिहिलं आणि पेटीत टाकून दिलं. मागे कुठला पत्ता होता तोही वाचला नाही म्हणाली. संप तेव्हा संपून गेला होता, आम्ही हरलो होतो, खाण दोन वर्षांत बंद पडायची होती. पण पोस्टाच्या पेटीत टाकलेलं पत्र परत निघत नाही.

राग ओसरायला एनिडला पाच वर्षं लागली. मग तिने शोधायला सुरुवात केली. कॉलिन नॉटिंगहॅमकडच्या एका खाणीत होता. त्याने कळवलं की ऑड्री अठ्ठ्याऐंशी साली त्यालाही सोडून गेली, बहुतेक हल शहरात, कुठल्याशा लाँड्रीत. एनिड हलला गेली. एकोणीस लाँड्र्या फिरली. तिच्याकडे ऑड्रीचा लग्नातला फोटो होता, त्यात ऑड्री हसताना डोळे मिटून बसली होती. "असा फोटो दाखवून कोण ओळखणार गं?" मी म्हटलं. "दुसरा कुठाय?" ती म्हणाली.

दर वर्षी शाळेच्या सुट्टीत ती एका गावाला जायची. ग्रिम्सबी, स्कार्बरो, व्हिटबी. समुद्राकाठच्या खानावळी, हॉटेलं, धुलाईची दुकानं. परत आली की मी विचारायचे नाही, तीही सांगायची नाही. नुसती म्हणायची, "तिथला मासा बरा होता." पलंगावर ती शेवटपर्यंत कडेलाच झोपायची. म्हातारपणी एकदा पडली, हात मोडला, नर्स म्हणाली, "बाई, भिंतीकडे सरका की." एनिड म्हणाली, "सवय नाही."

दोन हजार पंधराच्या एप्रिलमध्ये पम्फ्री आला. वंशावळी शोधून देणं हा त्याचा धंदा. आधी मला वाटलं विमा विकायला आलाय. तसाच सूट, तसेच बूट. एनिडने चहा ठेवला, मला भिंतीवर टकटक करून बोलावलं.

"मिस शॉटन," पम्फ्री म्हणाला, "हेस्टरच्या थोरल्या बहिणीच्या शाखेतला शेवटचा माणूस गेल्या वर्षी डेव्हनमध्ये वारला. निपुत्रिक. दोनशे तीस वर्षं तो किताब दोन शाखांमध्ये झोपून होता. आता एकच शाखा उरली. तुमची."

एनिडने कप खाली ठेवला. "म्हणजे बाबा खरं बोलत होते?"

"शब्द न् शब्द. नोंदी मी स्वतः तपासल्यात."

ती उठून मोरीपाशी गेली आणि नळ सोडून पाठमोरी उभी राहिली. मी पम्फ्रीला विचारलं, "दोनशे तीस वर्षं झोपून का होता? थोरलीला मिळायला काय झालं होतं?"

"मुलगे असले तर थोरल्याला मिळतो. मुली असल्या तर कायद्याने सगळ्या सारख्या. कोणी थोरली नाही, कोणी धाकटी नाही. किताब तोडून वाटता येत नाही, म्हणून कोणालाच मिळत नाही. एकाच बहिणीचा वंश उरेपर्यंत तो झोपतो."

"वा!" मी म्हटलं. "बायकांना सारखं मानायची वेळ आली की सारखं म्हणजे सगळ्यांना शून्य. यांच्या कायद्यात डोकं असतं हं."

पम्फ्री हसला नाही. "आता तो मिस शॉटनना मिळायला हवा. अडचण एकच. तुमच्या वडिलांनाही दोन मुली."

नळ बंद झाला.

"ऑड्री," एनिड म्हणाली.

"त्या असतील किंवा त्यांचं मूल असेल, तर किताब पुन्हा तुम्हा दोघींमध्ये झोपला. मूल झाल्याची नोंद मला कुठेही सापडली नाही. अठ्ठ्याऐंशीनंतर त्यांचीच काही नोंद नाही."

"मेल्याची?"

"तीही नाही. परदेशी गेल्या असतील, नाव बदललं असेल. पण सात वर्षं ज्यांना खबर यायला हवी त्यांना ती आली नाही, तर कायदा माणूस मेलं असं धरतो. तुम्हाला तर पंचवीस वर्षं आलेली नाही. तसं प्रतिज्ञापत्र तुम्ही केलंत की मी अर्ज पुढे पाठवतो. तुम्ही लेडी वॉर्कलॉ."

खरं सांगते, एनिडचा चेहरा तेव्हा उजळला. किताबासाठी नाही. आता त्या किताबाला दरबारात खुर्चीही नसते, जमीन तर कधीच गेली, उरलंय नुसतं नाव. पण बापाला चाळीस वर्षं खाली अंधारात हसले होते. तो अर्ज पुढे गेला की कुठल्या तरी सरकारी दप्तरात आयझॅक शॉटनचं नाव रॉजरपासूनच्या रांगेत बसणार होतं. "त्याच्या दगडावर तसं कोरून घेईन," ती म्हणाली. "ज्यांनी फावडं हातात दिलं त्यांची नातवंडं वाचतील."

आणि मला वेगळंच दिसत होतं. निवृत्तीनंतर आम्ही दोघी शेजारी-शेजारी राहायला आलो त्या गल्लीतली बावीस बैठी घरं, खाणकामगारांच्या म्हाताऱ्यांसाठी युनियनने वर्गणीतून बांधलेली, कौन्सिल पाडायला निघालं होतं. मी तीन वर्षं भांडत होते. कोणी ऐकत नव्हतं. बावीस म्हाताऱ्या हाकलल्या तर चौथ्या पानावरही बातमी येत नाही. पण एक लेडी हाकलली तर पहिलं पान! लॉर्डांची मी आयुष्यभर टिंगल केली, पण हातात आलेली काठी कुठल्या झाडाची हे मी बघत नाही.

"सही कर," मी तिला रोज सांगायला लागले. "तीस वर्षं झाली, एनिड. ती असती तर एकदा तरी आली असती."

"पत्र आलं होतं."

"एकदा."

"मी परत पाठवलं. मग कशाला येईल?"

"मग ती असली काय नि नसली काय, तुझ्यासाठी गेल्यातच जमा ना?"

हे मी बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले.

जूनमध्ये मॉर्पेथला वकिलाकडे तारीख ठरली. एनिडने निळा ड्रेस घातला, केस सेट करून घेतले. मी बरोबर होते, पम्फ्री आधीच येऊन बसला होता. वकील पोरगेला, नम्र. त्याने कागद तिच्यासमोर सरकवला आणि म्हणाला, "घाई नाही, वाचा."

तिने चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचलं. *मी, एनिड मे शॉटन, शपथेवर सांगते की माझी बहीण ऑड्री हिच्याबद्दल मला किंवा माझ्या माहितीतल्या कोणालाही पंचवीस वर्षं काहीही कळलेलं नाही, आणि ती निपुत्रिक मरण पावली आहे असं मी मानते.*

"हे 'मानते' काढता येईल?" तिने विचारलं.

वकील पम्फ्रीकडे बघायला लागला. पम्फ्री म्हणाला, "तेच तर लागतं, मिस शॉटन."

"मी सही केली नाही तर?"

"तर किताब झोपलेलाच राहील. तुम्ही एक, त्या एक. दोघी सारख्या हक्कदार."

"म्हणजे तुमच्या दप्तरात ती राहते."

"कागदोपत्री, हो."

"जिवंत?"

पम्फ्रीने जरा विचार केला. "कोणी मेली म्हणत नाही तोपर्यंत, हो."

एनिडने पेन उचललं. मला वाटलं झालं! तिने त्याला टोपण लावलं आणि वकिलाच्या पुढ्यात ठेवलं.

"एकदा दार मी लावलं तिच्यावर," ती म्हणाली. "आता पेटीचं झाकणही मीच लावू?"

"एनिड," मी म्हटलं, "बावीस घरं."

"ऐकलं मी."

"तुझ्या बापाचं नाव."

"बापाला मी सांगेन. त्याला ऑड्री जास्त आवडायची, तो समजेल."

परतीच्या बसमध्ये मी तिला घालूनपाडून बोलले. इतकी वर्षं तिच्याशी असं बोलले नव्हते. मी म्हटलं, तू भ्याड आहेस, एका मेलेल्या बाईसाठी बावीस जिवंत बायकांना रस्त्यावर काढतेस. पुढच्या सीटवरची माणसं मागे वळून बघत होती. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "थेल्मा, ऑड्रीच्या दारावर 'फितूर' कोणी रंगवलं होतं?"

मी पर्समध्ये तिकीट शोधायला लागले.

"पांढरा रंग भवनातला होता. कपाटाची किल्ली माझ्याकडे आणि तुझ्याकडे."

"तीस वर्षं माहीत होतं तुला?"

"मग काय! ब्रशही तूच धुतलास, नीट नाही धुतलास." ती हसली, अगदी थोडंसं. "मी तुला कधी बोलले? दोन बहिणी घालवून बसायचं नव्हतं मला."

बर्कशॉ आलं तेव्हा तिची पिशवी मी उचलली.

घरांचं म्हणाल तर आम्ही अकरा वाचवली. कौन्सिलच्या सभागृहात पंचवीस म्हाताऱ्या विणकाम घेऊन सहा दिवस बसल्या. एकही लेडी नव्हती. एनिड विणत होती, तिच्या सुया सगळ्यात जोरात वाजायच्या.

पम्फ्री दर जूनमध्ये फोन करायचा. "काही खबर, मिस शॉटन?" आणि ती म्हणायची, "काही नाही, देवाची कृपा," आणि फोन ठेवून खुशीत यायची. मला वेडेपणा वाटायचा. मग मला कळलं. बहिणीचा तिच्याकडे बाकी काही पुरावा नव्हता. पत्र नाही, पत्ता नाही, डोळे मिटलेला एक फोटो. एक किताब तेवढा होता, तो कोणाला मिळत नव्हता, आणि तो मिळत नाही तोवर त्याच्या दुसऱ्या बाजूला ऑड्री बसलेली होती. तिच्या बरोबरीची. दोघी सारख्या.

दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत एनिड गेली. न्यूमोनिया. शेवटच्या दुपारी मी बसले होते. ती म्हणाली, "पाय गार पडलेत बघ." मी रजई ओढायला लागले तर म्हणाली, "राहू दे. बरं वाटतंय."

दफनानंतर भवनात चहा होता, हॅमचे सँडविच होते, शाळेतली तीन पिढ्यांची पोरं आली होती. पम्फ्रीसुद्धा आला, काळा टाय लावून. कोपऱ्यात मला गाठून म्हणाला, "एक सांगू का? मिस एनिड गेल्या त्या दिवशी कायद्याने एक गोष्ट झाली. ऑड्री शॉटन हयात असतील तर त्या दिवसापासून त्या लेडी वॉर्कलॉ आहेत. अर्जाची, सहीची गरज नाही. दुसरी कोणी उरलीच नाही. किताब जागा झाला."

"आणि हयात नसेल तर?"

"तर डेव्हनचा माणूस वारला तेव्हापासून, किंवा नंतर त्या ज्या दिवशी गेल्या त्या दिवसापासून, मिस एनिडच लेडी वॉर्कलॉ होत्या. कधीपासून ते कोणाला माहीत नाही. कौन्सिलच्या सभागृहात विणत बसल्या होत्या तेव्हापासूनही असेल."

"म्हणजे दोघींपैकी एक नक्की."

"एक नक्की," पम्फ्री म्हणाला, आणि सँडविच न खाता बशीत ठेवून दिलं.

मला लॉर्ड नकोत, लेड्या नकोत. उद्या सगळे किताब समुद्रात बुडवले तर मी पेढे वाटीन. पण त्या दिवसापासून मला एक बाई हवी आहे. तिचं वय आता सदुसष्टच्या पुढे. हसताना तिचे डोळे मिटतात. तिचे पाय गार असतात. रॉजरपासून हेस्टरपर्यंत तिला एका दमात म्हणता येतं, विसरली नसेल तर.

हल, ग्रिम्सबी, स्कार्बरो, व्हिटबी, चारही गावच्या पेपरांत मी जाहिरात देते. किताबाचा शब्द त्यात नाही. तो घातला असता तर पन्नास ऑड्र्या आल्या असत्या. पम्फ्री म्हणाला, निदान वकिलाचा पत्ता द्या. मी माझाच दिला. मजकूर मी चार वेळा लिहिला, चार वेळा फाडला. शेवटी जे राहिलं ते हे:

*ऑड्री शॉटन, बर्कशॉची. तुझी बहीण एनिड गेली. तू मेलीस असं तिने कधीच लिहून दिलं नाही. तुझ्या दारावर ते मी रंगवलं होतं. ये आणि मला काय बोलायचं ते बोल. थेल्मा, शेजारची.*

अजून उत्तर आलेलं नाही.